न कापायच्या पिकाचा राखणदार

बमरोली, सुरत
१८ ऑगस्ट १९९६

ती. शोभावहिनींना भगवंताचा साष्टांग नमस्कार.

सर्वप्रथम माझ्या कोटाविषयी. आखाजीला, शुद्ध भाषेत अक्षय्य तृतीयेला, मी आपल्याकडे बोरखेड्याला आलो तेव्हा अंगात काळा कोट होता. सुरतेला उतरलो तेव्हा नव्हता. मधल्या चार दिवसांत खुंटीने तो गिळला यावर माझा विश्वास नाही. वैशाखात कोट घालून येणारा माणूस तो विसरेलच, असे आपण मागच्या पत्रात लिहिलेत. ते खरे असले तरी आपण लिहायला नको होते. बावीस वर्षे हा कोट माझ्याबरोबर संस्कृत शिकवतो आहे. मुले मला भितात असा माझा समज होता. आता कळले की ती कोटाला भीत होती. नुसत्या सदऱ्यावर वर्गात शिरलो की सातवी ब खिडकीबाहेर पाहत राहते. तरी ही तिसरी विनंती: कोणी इकडे येणारे असेल त्याच्या हाती कोट पाठवावा. धुऊ नये, इस्त्री करू नये, आहे तसा पाठवावा.

आता दुय्यम विषय, म्हणजे आपली चार एकर जमीन.

तीत चार वर्षे सोयाबीनमागून सोयाबीन झाले, माती थकली, आणि कापणीनंतर आठ महिने रान उघडे पडून भेगाळते, हे आपले म्हणणे मला पटले. पुढचे मात्र दोनदा वाचावे लागले. उभ्या सोयाबीनमध्येच ताग आणि कुळीथ फेकायचे, सोयाबीन कापून न्यायचे, मागे राहिलेले हिरवे रान वाढू द्यायचे, आणि फुलावर आले की कापायचे नाही, मळायचे नाही, खायचे नाही. आडवे पाडून तिथेच निजवायचे. जमिनीला पांघरूण म्हणून. हे कृषी सहाय्यक सुकलाल यांनी सांगितले म्हणता. फळाची अपेक्षा न ठेवता कर्म करण्याचा उपदेश मी पोरांना वर्षानुवर्षे करतो आहे. तो शेतकी खात्यापर्यंत पोहोचला असेल असे वाटले नव्हते.

दादा गेल्यापासून सातबाऱ्यावर आपले नाव वर आणि माझे खाली आहे, म्हणून आपण संमती मागता. खालच्या नावाची संमती आहे.

आपली अटही वाचली. पुढच्या पावसाळ्यात सोयाबीन सुधारले तर प्रमोदने इथले कापडाचे लूम सोडून घरी यायचे, आणि हे त्याला मी सांगायचे. सांगतो. आपले चिरंजीव ठीक आहेत. एकटे बारा लूम सांभाळतात. तीन हाका मारल्याशिवाय ओ देत नाहीत, इतके मोठे झाले आहेत.

सौ. सुषमा नमस्कार सांगते.

आपला
भगवंत


बोरखेडे
९ सप्टेंबर १९९६

चि. भगवंत भाऊजींना अनेक आशीर्वाद.

कोट आहे. खुंटीवरच आहे, कुठे पळाला नाही. सुरतेकडे जाणारं भेटलं की देईन.

काल पेरलं. पेरलं म्हणजे काय, फेकलं. सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली की त्यातच बी फेकायचं, वरून पानं गळतात आणि बी झाकलं जातं, असं सुकलाल भाऊंनी सांगितलं होतं. मी आणि दोन बाया ओटीत बी घेऊन चार एकर फिरलो. शेजारचा लोटू बांधावर उभा राहून बघत होता. म्हणाला, "काय वं शोभाबाई, कापानं नही, खावानं नही, मंग पेरं कसाले?" मी म्हटलं, तुला बोलायला विषय पाहिजे म्हणून. तेव्हापासून गावात तोच विषय आहे. कापायचंच नाही ते पीक कसलं, असं पारावर ठरलंय.

भाऊजी, तुम्ही थट्टा करा, मला राग नाही. पण प्रमोदचं थट्टेत लिहू नका. तो अठराचा असताना तुम्हीच त्याला घेऊन गेलात, मी नाही म्हटलं नाही, कारण तेव्हा हे गेले होते आणि जमीन काही देत नव्हती. आता तो एकवीसचा आहे. जमीन काही देत नाही म्हणून तो गेला, तर जमीन द्यायला लागली की यायला पाहिजे, एवढाच माझा हिशेब आहे. तो स्वतः पत्र लिहीत नाही. आधी लिहायचा. तुमच्या गल्लीतल्या मंडळाच्या फोनवर बोलवा म्हटलं तर तुम्ही म्हणता त्याला वेळ नसतो. फोनला किती वेळ लागतो?

त्याला सांगितलंत का, आणि तो काय म्हणाला, तेवढं लिहा.

शोभा


बमरोली, सुरत
६ ऑक्टोबर १९९६

ती. वहिनींना सा. न.

सांगितले. तो "हो काका" म्हणाला.

यापेक्षा मोठे उत्तर मलाही मिळाले नाही. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, दिवसभर असा खडखडाट असतो की माणसे हातवाऱ्यांनी बोलतात. घरी आल्यावरही त्याची तीच सवय राहिली आहे. परवा सुषमाने त्याला विचारले की भाजी कशी झाली, तर त्याने हात वर करून बोटे दाखवली. पाच की चार, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत.

दिवाळीला तो येऊ शकणार नाही. मालकाने नवी लूम बसवायला काढली आहेत आणि जाणती माणसे थांबवून घेतली आहेत. जाणता असण्याचे हे तोटे. आम्हीही येत नाही, माझे पेपर तपासायचे आहेत.

पेरणीचे वर्णन आवडले. लोटूला सांगा की संस्कृतही कोणी कापत नाही की खात नाही, तरी मी ते तीस पोरांत दरवर्षी फेकतो. उगवण आपल्यापेक्षा कमी आहे.

कोणी येणारे भेटले का? थंडी पडेल आता.

आपला
भगवंत


बोरखेडे
२२ नोव्हेंबर १९९६

चि. भाऊजींना आशीर्वाद.

सुरतेत थंडी पडते हे मला नवीनच कळलं.

सोयाबीन दसऱ्याआधीच कापलं. जेमतेम वीस पोती झालं. म्हणजे गेल्या वर्षापेक्षाही थोडं खालीच. पण मागे जे राहिलं ते बघायला तुम्ही पाहिजे होतात. सगळ्या शिवारात रानं उघडी, करडी, आणि मध्ये माझंच हिरवं. ताग गुडघ्याला लागला, खाली कुळथाची जाळी. सकाळी चाललं तर पाय भिजतो.

मग काय झालं ते ऐका. आपल्याकडे खरीप निघाला की रान मोकळं, ज्याची गुरं त्यानं सोडावी, हे तुम्हाला माहीत आहेच. उभं पीक असेल तिथे कोणी सोडत नाही. पण हे पीक नाही असं पारावर आधीच ठरलेलं होतं. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी चिंधा ठेलारी दीडशे मेंढरं घेऊन आला आणि खालच्या दोन एकरांत बसला. मी लोटूच्या मुलीकडे भाऊबीजेच्या फराळाला गेले होते. दोन दिवसांनी रानात जाते तर खालचं अर्धं शेत मुंडण केल्यासारखं. मी ओरडायला तोंड उघडलं, तर चिंधाच मला म्हणाला, "माय, दोन रात्री मेंढरं बसवली तुझ्या वावरात. खत झालं. ज्वारी कधी देशील?"

म्हणजे त्यानं माझं पीक खाल्लं आणि वरून मजुरी मागितली. आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येईना, कारण मेंढरं बसवली की आपण दाणे देतोच. रीत आहे. मी दोन पायली ज्वारी दिली, आणि वर दोन शिव्या दिल्या. त्यानं दोन्ही घेतल्या.

उरलेले दोन एकर तरी राखायचे होते. राखण दिसली की लोक त्याला पीक म्हणतात. म्हणून मी बुजगावणं उभं केलं. त्याला तुमचा कोट घातलाय. रागावू नका. गावातल्या कोणाच्याही सदऱ्याला मेंढरं भीत नाहीत. कोट लांबून बघूनच माणसं म्हणायला लागली, मास्तर आले सुरतहून. लोटूनं तर एकदा रामराम पण केला. तेव्हापासून एक शेळी आत गेलेली नाही.

एक विचारते. सुरतेची खाती दिवाळीत सगळी बंद असतात. लोटूचा जावई तिथेच पांडेसऱ्याला आहे, तो घरी आला होता. तो म्हणाला, नवी लूम बिम काही नाही. प्रमोद का आला नाही?

शोभा


बमरोली, सुरत
८ डिसेंबर १९९६

ती. वहिनींना सा. न.

माझी नेमणूक बुजगावणे म्हणून झाल्याचे पत्र मिळाले. बावीस वर्षे नोकरी करूनही मला येथे बढती मिळाली नाही. तिकडे एकदम चार एकरांचा, म्हणजे मेंढ्या वजा जाता दोन एकरांचा कारभार मिळाला, आणि तोही माझ्या अनुपस्थितीत. कोटाने माझ्यापेक्षा चांगले नाव काढले याचे दुःख मी गिळतो. लोटूने मला आयुष्यात कधी रामराम केलेला नाही.

तथापि एक गोष्ट. उघड्यावर दव पडते. कोटाच्या आतल्या खिशात माझे काही कागद असतील. शाळेचे असावेत. वेळापत्रक वगैरे. तेवढे काढून, न उघडता, पाकिटात घालून पाठवा. कोट राहू द्या राखणीला, माझी हरकत नाही. कागद तेवढे लवकर.

प्रमोदबद्दल. लोटूचा जावई ज्या खात्यात आहे ते वेगळे आणि प्रमोदचे वेगळे. सगळी खाती सारखी नसतात. तो बरा आहे. जेवतो, झोपतो. वहिनी, तरुण मुले घरी का येत नाहीत याची कारणे आईने शोधू नयेत. बरी नसतात आणि खरीही नसतात.

चिंधाला ज्वारी दिलीत हे न्यायाचे झाले. त्याने त्याचे काम केले.

आपला
भगवंत


बोरखेडे
३ जून १९९७

चि. भाऊजींना आशीर्वाद.

सहा महिने पत्र नाही म्हणून तुम्ही दोन कार्डं टाकलीत. मिळाली. मी रागावले नव्हते, माझं काम चाललं होतं आणि गुडघा दुखत होता.

माघात ताग फुलावर आला. बैलांना ओंडका जुंपला आणि वरच्या दोन एकरांत सगळं आडवं पाडलं. पिवळी फुलं तशीच खाली गेली. लोटूच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला, म्हणे पाप लागेल. कोट मध्येच उभा होता, त्याच्याभोवतीनं ओंडका फिरवला. मग सगळं सुकलं आणि मातीवर चटईसारखं बसलं.

आता उन्हाळ्याचं सांगते. मागच्या चैत्रात आपल्या रानात भेगा इतक्या होत्या की ढवळ्या बैलाचा खूर अडकला होता. यंदा शिवारात सगळीकडे तशाच भेगा आहेत. आपल्याकडे नाहीत. चटई उचलली तर खाली ओल लागते बोटाला, वैशाखात. मी सुकलाल भाऊंना दाखवलं तर ते स्वतःच हरखले. त्यांनी फक्त पुस्तकात वाचलं होतं म्हणे. मला आधी सांगितलं असतं तर मी पेरलंच नसतं.

आखाजीला तुम्ही कोणी आला नाहीत. आपल्याकडे आखाजीला माणूस कुठूनही घरी येतो.

कागद मिळाले. पाठवायचे राहिले. ते कसले आहेत म्हणालात?

आता पाऊस पडला की सोयाबीन पेरेन. प्रमोदला पेरणीला पाठवा. आठ दिवसांसाठी पाठवा. कायमचा नको म्हणते मी, आठ दिवस.

शोभा


बमरोली, सुरत
२० जून १९९७

ती. वहिनींना सा. न.

कागद शाळेचे. वेळापत्रकच. आता जुने झाले, नवे वर्ष सुरू झाले, फेकून दिले तरी चालेल. किंबहुना फेकूनच द्या.

भेगांचे वाचून आनंद झाला. मी वर्गात सांगितले. सातवी ब ने पहिल्यांदाच खिडकीतून तोंड आत वळवले, कारण त्यांना वाटले सुट्टी आहे.

प्रमोदला मालक आठ दिवस सोडत नाही. मी स्वतः त्याच्याशी बोललो. प्रमोदशी, मालकाशी नव्हे. तो "हो काका" म्हणाला, पण निघाला नाही.

पेरणी नीट होवो.

आपला
भगवंत


बोरखेडे
३० ऑगस्ट १९९७

चि. भाऊजींना आशीर्वाद.

सोबत भूपेंद्र बस-कंडक्टरच्या हाती कोट पाठवतेय. धुतलेला नाही, तुमची अट होती. डाव्या खांद्यावर चिमण्यांनी काय केलंय ते तुम्हीच काढा.

सोयाबीन मांडीला लागलंय. शेंगा धरल्यात, एका झाडाला मागच्या वर्षीच्या दुपटीनं आहेत. निंदणीला बाया अर्ध्याच लागल्या, चटईतून तण वर येतच नाही. आणि गंमत ऐका. सगळ्यात चांगलं कुठे आहे? खालच्या दोन एकरांत, जिथं चिंधाची मेंढरं बसली होती तिथं. मुळं जमिनीत राहिली आणि वरून खत पडलं. मी शिव्या दिल्या त्या त्याला परत मागायला पाहिजेत. यंदा मीच त्याला बोलावलंय, अर्ध्या रानात. लोटूही बी मागायला आला होता. मी विचारलं, कापायचं नाही ते कसाला पेरतो? म्हणाला, "तुनं पाहिसन." तुझं बघून, म्हणे.

म्हणजे माझ्या बाजूची अट पुरी झाली.

आता कागदाचं. भाऊजी, तुम्ही विचारलं नसतं तर मी तुमच्या खिशात कधी हात घातला नसता. सात महिने तो कोट माझ्या घरात होता, मी झटकला सुद्धा नाही. तुम्ही डिसेंबरात लिहिलंत, न उघडता पाठवा, तेव्हा मी रानात गेले आणि बुजगावण्याच्या खिशातून कागद काढला. दवानं भिजला होता. इंग्रजी होतं, वर नुसती उतरत गेलेली रेघ होती, घाटाच्या रस्त्यासारखी. नाव तेवढं वाचता आलं. प्रमोदचं.

जानेवारीत गुडघ्यासाठी पारोळ्याला डॉक्टरांकडे गेले तेव्हा तो कागद दाखवला. त्यांनी सांगितलं, कानाची तपासणी आहे. दोन्ही कानांनी निम्म्याहून कमी ऐकू येतं. लूमच्या आवाजानं होतं. गेलं ते परत येत नाही, पण आवाजातून काढलं तर उरलेलं राहतं. तारीख मागच्या वर्षीच्या एप्रिलची आहे. म्हणजे आखाजीला तुम्ही माझ्या घरी आंब्याचा रस खात होतात तेव्हा तो तुमच्या खिशात होता.

तेव्हापासून मी वाट बघतेय की तुम्ही सांगाल. जूनमध्ये सरळच विचारलं. तुम्ही वेळापत्रक लिहिलंत.

मी भांडत नाही. रानात यंत्र नाही. बैलाला हाक मारायची असते, बैलाची हाक ऐकायची नसते. तो येणार की नाही, आणि का नाही, हे मला आता खरं लिहा. थट्टा न करता लिहा. येईल का तुम्हाला?

शोभा


बमरोली, सुरत
१० सप्टेंबर १९९७

ती. वहिनींना सा. न.

कोट मिळाला. कागदही मिळाला.

आपल्याला सांगू नये अशी शपथ प्रमोदने मला घातली होती. ती मी पाळली, कारण ती पाळणे मला सोयीचे होते. दिवाळीला आणि आखाजीला तो आला नाही, कारण आपण अंगणातून हाक माराल आणि त्याला ती ऐकू येणार नाही. फोनही त्याचसाठी नाही, आणि आईला खोटे लिहायचे नाही म्हणून पत्रही नाही. त्याला डॉक्टरकडे नेण्याआधी दोन वर्षे मी त्याला उद्धट म्हणत होतो. तीन हाकांना ओ देत नाही म्हणून एकदा ताटावरून उठवले. एकदा हात उगारला. डॉक्टरकडे सुषमाने न्यायला लावले. कोट मी घातला तो डॉक्टरने मला महत्त्व द्यावे म्हणून. त्याने कागद माझ्या हातात दिला, मी तो आतल्या खिशात ठेवला, आणि वर्षभर आपल्याकडे कोट मागत बसलो.

लूम सोड असे मी त्याला खरोखर अनेकदा सांगितले. आपल्या जमिनीचेही सांगितले. प्रत्येक वेळी "हो काका".

गेल्या रविवारी मी त्याला समोर बसवले. कोट घातला होता, का ते विचारू नका. म्हटले, तुझ्या आईने जमीन सुधारली आहे, शेंगा दुपटीने धरल्या आहेत, आता घरी जाशील ना? तो हसला आणि "हो काका" म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी आपल्याला पत्र लिहायला कागद काढला. मग सहज विचारले, चहा घेतोस? तो "हो काका" म्हणाला. चहाचा भरलेला पेला त्याच्या हातात होता.

कागद तसाच ठेवला. आज लिहितो आहे.

आपण म्हणाल, मास्तर आहात, पाटीवर लिहून विचारा. घरात पाटी आहे. दोन दिवस ती समोर आहे. लिहून विचारले तर तो खरे उत्तर देईल, आणि ते "नाही" असेल, आणि त्याचे कारण मी असेन, कारण ऐकू न येणे हा अपराध आहे हे त्याला माझ्याकडूनच कळले. मी ओरडू नये म्हणून तो सगळ्यालाच हो म्हणायला शिकला आहे. हे त्याला लूमने शिकवलेले नाही.

आपण या. भूपेंद्रच्या गाडीने या, गुडघ्याला त्रास होईल तरी या. मी त्याच्याशी पुस्तकी मराठीत बोलतो, माझ्या ओठांवरून त्याला काही कळत नाही. लहानपणापासून त्याने आपलेच तोंड बघितले आहे. आपण त्याच्यासमोर बसा आणि घरच्या बोलीत हळू विचारा. मी खोलीत थांबणार नाही.

आपण थट्टा न करता लिहायला सांगितलेत. मला काळजी वाटते ती ही की त्याला खरे काय हवे आहे हे मला आता कधीच कळणार नाही, आणि ते कळू नये अशी व्यवस्था मी स्वतः केली आहे.

आपला
भगवंत